हरभऱ्याची झाडे, नग चारशे

मल्हारी पगाऱ्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं ते त्यांच्या साहेबांनी. एकोणीसशे ऐंशी साली, दिवाळीच्या आधी, एका सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण पगाऱ्यांनी ती वहीत टिपून ठेवली होती. ते सगळंच टिपून ठेवत.

नाशकातल्या एका सरकारी ऑफिसात बियाणं तपासायची एक खोली होती. त्या खोलीत पगारे बावीस वर्षं दाणे मोजत होते. गहू आला की हजार दाणे, हरभरा आला की शंभर. मोजायचे, काट्यावर टाकायचे, वजन लिहायचं आणि कागद साहेबांकडे सहीला पाठवायचा. पगाऱ्यांचे शंभर म्हणजे शंभर. नव्याण्णव नाहीत की एकशे एक नाहीत. या कामाची त्यांना इतकी सवय झाली होती, की घरी मटकीची उसळ वाढली तरी त्यांचं बोट ताटात फिरायला लागे आणि विमलाबाई म्हणत, "अहो, खा. पळून नाही जायची ती."

बावीस वर्षांत कितीतरी अहवाल छापले गेले. त्यांतला एकेक आकडा पगाऱ्यांच्या बोटांखालून गेलेला, पण त्यांचं नाव कुठल्याही पानावर आलं नाही. तळटीपेतसुद्धा नाही. याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त नवा अहवाल आला, की तो शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत उलटा चाळून बघत आणि गुपचूप जागेवर ठेवत.

तर त्या सोमवारी खैरनार साहेब म्हणाले, "पगारे, आपण पुस्तिका काढतोय. 'जड बियाणे, भरघोस पीक'. मार्चअखेर लासलगावच्या मेळाव्यात वाटायची आहे. मुखपृष्ठ छापून झालं."

"आणि आतलं, साहेब?"

"आतलं व्हायचंय. त्यासाठी एक छोटा प्रयोग पाहिजे. जड दाण्यांचा एक वाफा, हलक्या दाण्यांचा एक वाफा. बियाण्याची तुमच्याइतकी जाण ऑफिसात आहे कुणाला? तुम्ही करा. आत छापू, प्रयोगकर्ता : श्री. म. सो. पगारे."

पगारे खोलीत परत आले आणि त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हिशेब चुकला. शंभराच्या जागी त्यांनी एकशे चार दाणे मोजले. परत मोजले, तेव्हा शहाण्णव भरले.

पुढचे आठ दिवस पगाऱ्यांच्या घरात स्वयंपाकाला परात मिळाली नाही. पाच किलो चाफा जातीचा हरभरा आणून त्यांनी एकेक दाणा पारखला. ठसठशीत दोनशे दाणे एका डब्यात, किरटे दोनशे दुसऱ्या डब्यात. जड दाणे शंभराला पंधरा ग्रॅम भरले, हलके नऊ. उरलेल्या हरभऱ्याची विमलाबाईंनी डाळ करून टाकली, कारण शास्त्र झालं तरी घरात माणसं जेवायला होती. पगारे डब्यांवर चिठ्ठ्या लावत होते, 'जड' आणि 'हलके'. विमलाबाई मागे उभ्या राहून वाचत होत्या.

"हलकं काय म्हणता हो त्याला?"

"अगं, वजनाला हलकं. शास्त्रातला शब्द आहे तो."

"असू दे शास्त्रातला. आपल्या तोंडी बरा नाही दिसत. लहान म्हणा."

पण पगाऱ्यांनी चिठ्ठी बदलली नाही. शास्त्रात भावनेला जागा नसते असं ते म्हणाले आणि डब्याचं झाकण जरा जास्तच जोरात लावलं.

जागेचा प्रश्न तसा नव्हताच. दिंडोरी रस्त्याकडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये प्रत्येक घरामागे थोडी मोकळी जमीन होती. तिच्यात लोक तुळस, कढीपत्ता आणि मोडक्या खुर्च्या लावत. दुसऱ्या कुणीही कुदळ घेऊन सरळ खणायला घेतलं असतं. पगाऱ्यांनी परवानगीचा अर्ज केला. क्वार्टर्सची देखभाल करणाऱ्या ऑफिसातून आठवड्याने उत्तर आलं : 'आवारात पीक घेण्यास सक्त मनाई आहे. झाडे लावण्यास हरकत नाही.'

दुसरा एखादा इथे मूग गिळून बसला असता. पगाऱ्यांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकून उत्तर लिहिलं, आणि ते उत्तर पुढे कित्येक महिने त्या ऑफिसात एकमेकांना वाचून दाखवलं जात होतं : 'महोदय, मराठी भाषेत हरभऱ्याचे झाड हाच शब्द रूढ असून सदर झाडावर माणसे चढविली जातात, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्यावर माणूस चढू शकतो, ते झाड नव्हे काय, याचा लेखी खुलासा व्हावा.'

लेखी खुलासा कुणालाच नको होता. चार दिवसांत परवानगी आली : 'हरभऱ्याची झाडे, नग चारशे, लावण्यास मंजुरी. दोन झाडांत दहा फूट अंतर ठेवावे.' तसं अंतर ठेवलं असतं, तर शेवटचं झाड पंचवटीच्या भाजीबाजारात गेलं असतं. पगाऱ्यांनी मंजुरीचा कागद जपून ठेवला आणि अंतराचं कलम वाचलंच नाही असं समजून पेरणी केली.

पेरणीला अख्खी कॉलनी हजर होती. केदारे गुरुजींचं मत पडलं, की वाफ्यांची दिशा चुकली आहे. दुसऱ्या एकाला हरभऱ्याऐवजी भुईमूग योग्य वाटत होता. शेजारच्या लंकाबाई, म्हणजे जीप ड्रायव्हर गोरक्षची बायको, कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत होत्या. त्यांचं माहेर विंचूरकडचं, बालपण शेतात गेलेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊ, दाणं खाली बघून पेरा. तुम्ही वहीत बघून पेरताय."

मेहुणा सहादूही आला होता. विमलाबाईंचा हा धाकटा भाऊ विंचूरजवळ चार बिघे जमीन कसायचा आणि शहरात आला की कांद्याची पिशवी आणि एखादं खवचट वाक्य घेऊन यायचा.

"जयभीम दाजी. काय, दाणं मोजून पीक काढताय म्हनं?"

"जयभीम. सहादू, ज्या दाण्यात साठा जास्त, त्याचं रोप जोमदार. साधी गोष्ट आहे."

"बरोबर हाय. पर दाणा येकदा मातीत गेला का मग माती, पानी आन् मानूस. दाण्याच्या हातात लय काय राहत नाय."

"ते मार्चमध्ये बघू," पगारे म्हणाले. त्यांच्या आवाजात नाव छापून येणाऱ्या माणसाचा ठामपणा होता.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला पगाऱ्यांचं सगळं बरोबर ठरत होतं. पाचव्या दिवशी जड वाफ्यात एकशे त्र्याण्णव कोंब वर आले. हलक्या वाफ्यात आठव्या दिवशी जेमतेम दीडशे. तिसऱ्या आठवड्यात जड रोपं दोन बोटं उंच होती. पगारे सकाळी बनियनवर वाफ्यांमधून फिरत तेव्हा वरबापासारखे दिसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून ते दाखवत, "हे जड. हे हलके. फरक बघा." लोक फरक बघत, मान हलवत आणि चहा मिळेल का याचा अंदाज घेत.

आता यापुढची गोष्ट पगाऱ्यांनी वहीत टिपली नाही. संबंध वहीत तेवढीच एक सुटली.

वहीच्या पहिल्या पानावर नियम तिसरा असा होता : 'दोन्ही वाफ्यांस समान पाणी'. पण माणसाचा जीव जडतो तो नियम वाचून जडत नाही. एकदा तोंड धुता धुता तांब्यातलं उरलेलं पाणी पगाऱ्यांनी जड वाफ्यात ओतलं. रोपं काय छान टवटवीत दिसली! दुसऱ्या दिवशी अख्खा तांब्या गेला. आठवड्याने बादली. कुणी बघत नाही ना, हे पाहून ते बादली रिकामी करत आणि मग हलक्या वाफ्याकडे पाठ करून घरात येत. शेळ्यांच्या भीतीने त्यांनी कुंपण घातलं तेही जड वाफ्यालाच. काटेरी तार, वर बोरीच्या फांद्या आणि पुढे पाटी : 'जड बी. हात लावू नये.' हलक्या वाफ्याला नुसती पाटी होती : 'हलके बी.'

डिसेंबरपासून पगाऱ्यांच्या जेवणात हरभऱ्याच्या पाल्याची भाजी यायला लागली. लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी. ही भाजी धुवायची नसते. धुतली की पानावरची आंब जाते आणि मग तिच्यात राम उरत नाही. विमलाबाईंनी ती बरोबर आंबट ठेवली होती. पगारे दोन-दोनदा मागून घेत आणि बोटं चाटत. आयुष्यात पहिल्यांदाच ते ताटातलं काही मोजत नव्हते आणि भाजी कुठून येते, हेही विचारत नव्हते.

जानेवारीत सहादू आला तेव्हा जड वाफा मांडीला लागत होता. हिरवागार, गच्च, वाऱ्यावर डुलणारा. पगाऱ्यांनी मेहुण्याकडे विजयी नजरेने पाहिलं. सहादू उकिडवा बसला, माती चिमटीत धरली आणि म्हणाला, "दाजी, हा तर माजला."

"म्हणजे जोमात आहे."

"जोमात नाय, माजला. निस्ता पाला हाय, घाटं कुठंयत? हरभऱ्याला लाड सोसत नाय. पानी देतोय कोन रोज?"

"नियमाप्रमाणे देतो," पगारे म्हणाले आणि आभाळाकडे बघायला लागले.

फेब्रुवारीत एका वाऱ्याच्या दुपारी जड वाफा आडवा झाला. मांडीएवढी झाडं स्वतःच्याच भाराने एकमेकांच्या गळ्यात पडली. पगाऱ्यांनी त्यांना काठ्यांचे टेकू दिले, सुतळीने बांधलं. वाफा कमी आणि हाडांचा दवाखाना जास्त दिसायला लागला. शेजारी हलका वाफा बुटका, पसरट, कुणाच्या खिजगणतीत नसलेला, मुकाट्याने घाटे भरत होता. पगाऱ्यांना ते दिसत नव्हतं असं नाही. पण ते तिकडे बघायचंच टाळत होते.

मार्चमध्ये झाडं वाळली आणि देखभाल ऑफिसातून झुंबर नावाचे एक कर्मचारी टेप घेऊन दारात उभे राहिले.

"पगारेसाहेब, चारशे झाडं तोडणार असं कळलं. विनापरवाना झाड तोडता येत नाही. हा फॉर्म. एका झाडाला एक."

फॉर्मवर झाडाचं वय, बुंध्याचा घेर आणि तोडण्याचं कारण असे रकाने होते. खाली टीप होती : तोडलेल्या प्रत्येक झाडामागे दोन नवी झाडे लावणे बंधनकारक.

"अहो, हरभरा आहे हा!"

"आमच्याकडे झाड म्हणून नोंद आहे. तुमच्याच पत्रावरून." झुंबर वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरोखर वाकून एका बुंध्याला टेप लावून पाहिली आणि अर्धा इंच लिहू का पाऊण, असं प्रामाणिकपणे विचारलं.

पगाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "झुंबरभाऊ, नियम तोडण्याबद्दल आहे ना? मी तोडणार नाही. मी उपटणार आहे. उपटण्याबद्दलचा नियम लेखी दाखवा, तोवर माझं काम चालू राहील." आणि झुंबरांच्या देखत त्यांनी पहिलं झाड मुळासकट उपटलं. लंकाबाईंनी ओट्यावरून टाळी वाजवली. झुंबरांनी फॉर्मचा गठ्ठा काखोटीला मारला आणि जाताना मूठभर वाळके घाटे खिशात टाकले.

रविवारी वजन करायचं ठरलं. खैरनार साहेब फोटोग्राफर घेऊन आले. पुस्तिकेच्या मधल्या पानावर पगारे, मागे जड हरभऱ्याची रास, असा फोटो हवा होता. पगाऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. विमलाबाईंनी माहेरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, म्हणून सहादूही आला होता. दोन्ही वाफ्यांचा हरभरा झोडपून, पाखडून दोन पोत्यांवर ठेवला होता. पाट्या उपटून राशींमागे रोवल्या होत्या. ऑफिसातला काटा पगाऱ्यांनी स्वतः लावला.

जड : एक किलो आठशे ग्रॅम.

हलके : तीन किलो शंभर ग्रॅम.

पगाऱ्यांनी काटा तपासला. रिकामं पारडं तपासलं. पुन्हा वजन केलं. काटा बावीस वर्षं त्यांचा होता, तो खोटं बोलणार नव्हता. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला.

"असं झालंच कसं?" साहेब म्हणाले.

मग लंकाबाई पुढे आल्या. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "साहेब, आमी खुडत व्हतो. त्या वाफ्याला तार हाय, हात लावू नये म्हनून पाटी हाय. ह्या वाफ्यावर काय लिवलंय, ते विमलाबाईंनी वाचून दावलं. हलकं बी. मंग आमी म्हनलं, हे भाजीसाठी ठेवलं आसंल. आठवड्याला दोनदा शेंडं खुडत व्हतो, समद्या बाया."

"शेंडा खुडला की झाड फुटतं, साहेब," सहादू म्हणाला. "येकाच्या धा फांद्या व्हत्यात. जेवढ्या फांद्या तेवढं घाटं. आमच्याकडं शेंबडं पोरगंबी सांगंल."

पगारे हळूच बायकोकडे वळले. "म्हणजे ती भाजी..."

"पहिल्यांदा मीच खुडली," विमलाबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या बिचाऱ्याकडे बघतसुद्धा नव्हता. म्हटलं, कुणाच्या तरी कामी येऊ दे."

प्रयोगकर्ता तीन महिने आपला प्रयोग भाकरीबरोबर खात होता. कॉलनी हसली, फोटोग्राफर हसला. पगाऱ्यांचे कान लाल झाले. या अपमानाला काही उत्तरच नव्हतं, कारण भाजी खरंच चांगली झाली होती.

साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पगाऱ्यांना बाजूला घेतलं. पण कॉलनीत बाजू म्हणजे चार पावलं. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"पगारे, मुखपृष्ठ छापलंय. पाच हजार प्रती. आता एकच करायचं. त्या दोन पाट्या फक्त इकडच्या तिकडे करा. फोटो निघेल, आकडे तेच राहतील, पुस्तिका वेळेवर निघेल. आत तुमचं नाव. बावीस वर्षं झाली ना तुम्हाला?"

पगारे पाट्यांकडे बघत राहिले. त्यांना नाव हवं होतं. इतकं हवं होतं, की त्याचा त्यांनाच राग आला. दोन काठ्या होत्या, हातभर अंतर होतं. त्यांनी विमलाबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघून काही करू नका," त्या म्हणाल्या. "मला नाव आवडलं असतं. पण तुमचं तुम्ही ठरवा."

पगाऱ्यांनी तीन किलोच्या राशीतून मूठभर दाणे उचलले. सवयीने बोटांनी मोजायला लागले आणि अर्ध्यावर थांबले. हे दाणे त्यांनी परातीत बाजूला काढले होते, पाटीवर हलके म्हणून लिहिलं होतं, आणि साडेतीन महिने त्यांच्याकडे पाठ केली होती. त्यांना एकदम लाज वाटली.

"साहेब," ते म्हणाले, आणि आवाज चढला तो त्यांना आवरता आला नाही, "माझा आजा दुसऱ्याच्या शेतात पिकवायचा आणि खळ्यावर नाव दुसऱ्याचंच घेतलं जायचं. त्यालाही लोक हलकाच म्हणायचे. ह्या दाण्यांनी जे पिकवलं, ते मी दुसऱ्याच्या नावावर लावणार नाही. हरभऱ्याचं असलं म्हणून काय झालं!"

"पगारे, प्रयोगच बिघडला आहे. नोंद तरी कशाची करणार?"

"बिघडला ना? कसा बिघडला, कुणी बिघडवला, त्याची करणार. लंकाबाईंनी खुडला ते लिहिणार. आणि मी रोज चोरून एक बादली जड वाफ्याला घालत होतो, तेही लिहिणार."

सहादूने "आसं म्हना की!" म्हणून मांडीवर थाप मारली. विमलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या बादलीबद्दल पुढे आयुष्यभर काही विचारलं नाही, यावरून काय ते समजावं.

"मग तुमचं नाव विसरा," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले. फोटोग्राफरने तेवढ्यात हलक्या राशीजवळ लंकाबाईंचा एक फोटो काढला. रोल वाया जाऊ नये म्हणून, असं तो म्हणाला.

पगाऱ्यांनी रविवारची दुपार अहवालात घालवली. जड दाणे आधी उगवले आणि सुरुवातीला सरस होते, हे त्यांनी लिहिलं, कारण ते खरं होतं. जादा पाण्याने पाला वाढला, वाफा लोळला, घाटे धरले नाहीत, हेही लिहिलं. दाण्याचं वजन पहिल्या महिन्यापुरतं बोलतं, पुढे पाणी आणि मशागत बोलते, असं एक वाक्य त्यांनी चार वेळा खोडून पाचव्यांदा ठेवलं. खाली लिहिलं, 'शेंडे खुडणे : सौ. लंकाबाई गोरक्ष व कॉलनीतील महिला. साधन : नखे. मोजणी : म. सो. पगारे.'

सोमवारी ऑफिस उघडताच ते आवक-जावकच्या टेबलासमोर उभे राहिले. एकदा आवक नंबर पडला, की कागद साहेबांच्या बापालाही गिळता येत नाही, हे ते बावीस वर्षांत शिकले होते. टेबलावर रावजी पेन झटकत बसले होते. साहेबांच्या केबिनचं दार अर्धं उघडं होतं आणि आत साहेब बसलेले दिसत होते.

"काय आहे, पगारे? विषय सांगा, नोंदवतो."

पगारे दाराकडे तोंड करून उभे राहिले आणि शाळेत हजेरी देतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "लिहा रावजी. विषय : माझा अंदाज सपशेल चुकल्याबाबत."

रावजींचं पेन थांबलं. "असं कुणी लिहितं का हो?"

"मी लिहितो. नंबर टाका. आणि शिक्का जरा ठळक मारा."